नाताळसाठी पेपरमिंट आइस्क्रीम पाय: यंदा गुलाबी सूप नको!

एडिसनची_अनु | ६ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या गल्लीत (न्यू जर्सीत असली तरी मी गल्लीच म्हणते) नाताळच्या आधीच्या शनिवारी सगळ्या घरांचं एकत्र जेवण असतं. प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा. सहा वर्षं मी इमानेइतबारे समोसे नेले. मागच्या वर्षी शेजारच्या आजींशी बोलता बोलता विषय निघाला. त्या मॅसॅच्युसेट्सच्या, सत्तरी ओलांडलेल्या. लहानपणी डिसेंबर आला की पेपरमिंट स्टिक आइस्क्रीम यायचं, गुलाबी रंगाचं, आत लाल-पांढऱ्या गोळीचे तुकडे, त्याची वाट बघायचो, असं काय काय सांगत होत्या. मला स्फुरण चढलं. म्हटलं, मी करते त्याचा पाय (इंग्रजीतला pie, बिस्किटांच्या तळावर आइस्क्रीमचा थर).

केला. व्हॅनिलाचे दोन डबे मायक्रोवेव्हमध्ये घालून पार पातळ केले, दोन छोटे चमचे पेपरमिंट इसेन्स घातला, कॅन्डी केन (त्याच लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कडक गोळ्या, काठीच्या आकाराच्या) मिक्सरला फिरवून तो चुरा ढवळला आणि ओरिओ बिस्किटांच्या क्रस्टवर, म्हणजे तळाच्या थरावर, ओतलं. दुसऱ्या दिवशी वर बर्फाचे खडे, खाली गुलाबी चिकट डबकं आणि घरभर टूथपेस्टचा वास. लोकांनी एकेक घास खाऊन समोशांची चौकशी केली. आजींनी मात्र सगळा तुकडा संपवला, आणि दुसऱ्या दिवशी माझी डिश धुऊन, आत चार चॉकलेटं ठेवून परत आणून दिली. त्या चॉकलेटांनी मला फार लाज आणली.

यंदा २० तारखेला जेवण आहे. आइस्क्रीम विकतचं घ्यावं की घरी करावं? इसेन्स किती? गोळ्या विरघळू नयेत म्हणून काय करता? फ्रीजर साधा, फ्रिजच्या खालच्या खणाचा आहे.

---

खमंगराव | ६ डिसेंबर, रात्री ९:५८

शीर्षक घाईत वाचलं. 'पाय', 'सूप', 'गुलाबी'. म्हटलं वा, नाताळचं पाया सूप! चपाती घेऊनच बसलो होतो.

---

रुमालवाली | ६ डिसेंबर, रात्री १०:१५

रुमाल टाकून ठेवतेय. मलाही करायचाय.

---

दुधावरची_साय | ७ डिसेंबर, सकाळी ७:०५

अनु, आधी एक विचारते. बाहेर बर्फ पडत असताना आइस्क्रीम, तेही पेपरमिंटचं? आमच्याकडे पेपरमिंट म्हणजे शाळेबाहेर मिळणारी पांढरी गोळी. ती चघळून वर पाणी प्यायलं की दातापासून पोटापर्यंत गार. नाहीतर पानवाला पानात पिपरमिंट घालायचा ते. आणि घरात अमृतधारेची बाटली असायची: कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एकत्र ठेवलं की आपोआप पाणी होतं. पोट दुखलं की बत्ताशावर दोन थेंब. त्यामुळे मला ह्या वासाचं आइस्क्रीम म्हणजे औषधाचं आइस्क्रीम वाटतं गं. रागावू नकोस.

---

एडिसनची_अनु | ७ डिसेंबर, सकाळी ७:३०

सायमावशी, रागावते कशाला! मागच्या वर्षीच्या पायाने अर्ध्या गल्लीची पोटदुखी बरी झाली असणार. :)

थंडीत आइस्क्रीमचं म्हणाल, तर घरात हीटर चालू असतो, सगळे स्वेटर काढून बसलेले असतात. खाल्लं जातं.

---

मिशिगनची_माई | ७ डिसेंबर, सकाळी ८:५०

अनु, मी चौदा वर्षं हा पाय करतेय. पहिली तीन वर्षं तुझ्यासारखाच व्हायचा, तेव्हा धीर धर.

तुझी सगळ्यात मोठी चूक मायक्रोवेव्ह. आइस्क्रीम वितळवायचं नाही, नुसतं नरम करायचं. त्यात बर्फाचे अगदी बारीक कण असतात आणि हवा असते. पार पातळ केलंस की हवा निघून गेली, कण वितळले. मग आपला घरचा फ्रीजर ते हळूहळू गोठवतो आणि हळूहळू गोठलं की कण मोठे होतात. तेच तुझे खडे. डबा फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे) अर्धा तास ठेव. डाव कडेने सहज आत जायला लागला की बाहेर काढ. थंडगार केलेल्या भांड्यात घे, लाकडी डावाने भराभर मळ. श्रीखंडाच्या चक्क्याइतकं घट्ट राहिलं पाहिजे. डावावरून ओघळायला लागलं तर उशीर झाला.

क्रस्ट: २४ ओरिओ, आतल्या क्रीमसकट. मिक्सरला बारीक करायचे, रवाळ हवेत, पीठ नको. ७० ग्रॅम वितळलेलं लोणी. नऊ इंची डिशमध्ये तळाला आणि कडेला दाबून बसवायचं. ३५० फॅरनहाइटला ८-१० मिनिटं ओव्हनमध्ये. न भाजताही चालतं, पण भाजलेला क्रस्ट कापताना कमी भुसभुशीत होतो. मग पूर्ण गार, आणि वर अर्धा तास फ्रीजरमध्ये. कोमट क्रस्टवर आइस्क्रीम घातलंस तर खालून सूप ठरलेलं.

आइस्क्रीम दीड क्वार्टचा एक डबा, म्हणजे साधारण १.४ लिटर. डिश खोल असेल तर बहुतेक सगळं मावतं. साधी असेल तर थोडं उरतं, त्याची काळजी मुलं घेतात. इसेन्स पाव छोटा चमचा. पाव! चव बघून हवं तर अजून दोन-चार थेंब. गोळ्यांचे तुकडे अर्धा कप, सगळ्यात शेवटी घालायचे आणि दोन-तीनदाच ढवळायचं.

रात्रभर फ्रीजरमध्ये. व्हिप्ड क्रीम आणि वरचा चुरा वाढायच्या वेळी. आदल्या दिवशी वर चुरा घातलास तर सकाळी लाल अश्रू ओघळलेले दिसतील.

---

खमंगराव | ७ डिसेंबर, सकाळी ९:१२

"लाल अश्रू ओघळलेला गार पाय." माई, पाककृती आहे की पोलीस पंचनामा?

---

रसायनबाज | ७ डिसेंबर, दुपारी १२:२०

माईंना पूर्ण अनुमोदन. गोळ्या का विरघळतात ते सांगतो, म्हणजे उपाय आपोआप सुचेल.

आइस्क्रीम फ्रीजरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसला असलं तरी त्यातलं सगळं पाणी गोठलेलं नसतं. साखर विरघळलेल्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे थोडा घट्ट पाक कायम द्रवरूपात राहतो. म्हणून तर आइस्क्रीम चमच्याने काढता येतं, नाहीतर वीट झाली असती. कॅन्डी केन म्हणजे जवळपास निव्वळ साखर, तीही काचेसारख्या अवस्थेतली आणि ओलावा ओढून घेणारी. ती ह्या पाकाला भेटली की विरघळायला लागते. तुकडा जितका बारीक तितका लवकर. मिक्सरचं पीठ म्हणजे तुम्ही सरळ साखरच मिसळलीत. त्या साखरेने गोठणबिंदू आणखी खाली गेला आणि तळाला डबकं झालं.

उपाय: तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे ठेवा. दुसरा उपाय म्हणजे तुकड्यांना वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ लेप द्या, पसरून सुकवा, मग घाला. चरबीच्या थरातून पाणी जात नाही. तेही नको असेल तर थोडं विरघळणार हे मान्य करा. आजींच्या आठवणीतलं आइस्क्रीम गुलाबी दिसायला हे विरघळणंही कारण असणार.

आता इसेन्स. दुकानात तीन सारख्या बाटल्या असतात. पेपरमिंट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं पेपरमिंटचं तेल. मिंट एक्स्ट्रॅक्टमध्ये बहुधा स्पिअरमिंटही मिसळलेलं असतं, आणि त्याचा वास आपल्याला च्युइंगगम नि टूथपेस्टमधून ओळखीचा. तिसरं, निव्वळ पेपरमिंट ऑइल. ते चमच्याने मोजायचंच नाही, दाभणाच्या टोकाने किंवा फार तर एक-दोन थेंब, आणि खाण्यासाठीचं आहे असं बाटलीवर लिहिलेलं असेल तरच. अनु, तुमची बाटली बघा बरं.

अवांतर: पेपरमिंट 'गार' लागतं पण गार करत नाही. आपल्या मज्जातंतूंमध्ये थंडी ओळखणारा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, पेपरमिंटमधलं मेंथॉल त्याचीच जाऊन कळ दाबतं. २०२१चं वैद्यकाचं नोबेल ज्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन ह्यांना मिळालं, त्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा ग्राहक शोधला तो मेंथॉल वापरूनच. म्हणजे पेपरमिंट आइस्क्रीम खाताना मेंदूला थंडीची दोन-दोन पत्रं जातात, एक खरं आणि एक बनावट.

---

एडिसनची_अनु | ७ डिसेंबर, दुपारी १:०५

बाटली बघितली. 'मिंट' आहे. नुसतं मिंट. खाली बारीक अक्षरात स्पिअरमिंट. खमंगराव, एक अक्षर लिहू नका.

---

खमंगराव | ७ डिसेंबर, दुपारी १:०६

मी कुठे काय म्हणतोय. जेवणानंतर दात घासायला नको, एवढी सोय कुठला यजमान करतो?

---

दुधावरची_साय | ७ डिसेंबर, दुपारी ४:३०

रसायनबाज, मग कुंडीतला ताजा पुदिना दुधात उकळून घातला तर? इसेन्स कशाला हवा?

---

रसायनबाज | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

काकू, आपण चटणीला वापरतो तो पुदिना बहुतेक करून स्पिअरमिंट जातीचा. त्यात मेंथॉल अगदी कमी, कार्व्होन (स्पिअरमिंटला त्याचा वास देणारं द्रव्य) जास्त. वास छान येईल, पण पेपरमिंटचा झणका येणार नाही. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि स्पिअरमिंट ह्यांचा संकर आहे. शिवाय पानं फार वेळ दुधात ठेवली की गवताची चव उतरते. कोमट सायीत पंधरा-वीस मिनिटं ठेवून गाळून घेतली तर वेगळं, हिरव्या चवीचं सुंदर आइस्क्रीम होईल. फक्त ते हे आइस्क्रीम नाही.

आणि तुमच्या अमृतधारेतलं 'पुदिन्याचं फूल' म्हणजे फूल नव्हेच, मेंथॉलचे स्फटिक. ते जपानी पुदिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिसऱ्याच जातीतून निघतात. उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल, रामपूर भागात शेतंच्या शेतं असतात त्याची, आणि मेंथा तेलाचे वायदेही होतात आपल्याकडे. जगातलं बरंचसं नैसर्गिक मेंथॉल भारतातून जातं.

---

दुधावरची_साय | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

सत्तर वर्षं फूल समजत होते! बरं झालं विचारलं.

---

गारवा | ८ डिसेंबर, सकाळी १०:००

माईंशी थोडी असहमती. विकतचं आइस्क्रीम नरम करून परत गोठवण्यापेक्षा न घुसळता होणारं घरी करा. दोन कप हेवी क्रीम (३६ टक्के स्निग्धांशाचं) घट्ट फेटायचं, एक डबा कंडेन्स्ड मिल्क, पाव चमचा पेपरमिंट, चिमूट मीठ. हलक्या हाताने एकत्र करून थेट क्रस्टवर. एकदाच गोठतं, त्यामुळे खडे होण्याची भीती कमी. मशीन नको, अंडं नको. मी दर वर्षी हेच करते.

---

मिशिगनची_माई | ८ डिसेंबर, सकाळी १०:४५

गारवा, केलंय मी. दोन तक्रारी. एक, भयंकर गोड. कंडेन्स्ड मिल्क, वर गोळ्या, खाली ओरिओ. तिसऱ्या घासाला पाणी मागतात लोक. दुसरी, ते टेबलावर टिकत नाही. साखर जास्त म्हणून मुळात नरम गोठतं, आणि गरम घरात पंधरा मिनिटांत बसकण मारतं. अनुकडे वीस माणसं रांगेत उभी राहून वाढून घेणार.

---

गारवा | ८ डिसेंबर, सकाळी ११:२०

गोडाचं मान्य. मी पाऊण डबाच घालते, मीठ थोडं वाढवते आणि क्रस्टला कोको घातलेली साधी बिस्किटं घेते. पण टिकण्याबद्दल नाही पटलं. पाय आधीच कापून, तुकडे ताटलीत लावून परत फ्रीजरमध्ये ठेवायचे नि दहा-दहा बाहेर आणायचे. रांग आहे म्हणून पदार्थ का बदलायचा?

---

मिशिगनची_माई | ८ डिसेंबर, सकाळी ११:३१

आधी कापून ठेवायची युक्ती चोरली. बाकी मुद्दा तसाच.

---

टोकाचा_शाकाहारी | ८ डिसेंबर, दुपारी ३:१५

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, घरी श्रावण पाळणारी पाहुणेमंडळी असतात म्हणून. डब्यावर 'फ्रेंच व्हॅनिला' असेल तर त्यात अंड्याचा बलक असतोच, अमेरिकेत त्याशिवाय ते नाव देता येत नाही. काही पाककृतींत मार्शमॅलो वितळवून घालतात, त्यात सहसा जिलेटिन असतं. मार्शमॅलो क्रीममध्ये अंड्याचा पांढरा. साधा व्हॅनिला घ्या, घटक वाचा. कॅन्डी केनचा लाल रंगही वाचा, नैसर्गिक रंग म्हणून कधी कधी किड्यापासूनचा कार्माइन असतो.

---

खमंगराव | ८ डिसेंबर, दुपारी ३:२२

डिसेंबरात श्रावण? (दिवे घ्या, गंमत करतोय.)

---

टोकाचा_शाकाहारी | ८ डिसेंबर, दुपारी ३:४०

घेतले. मार्गशीर्षातले गुरुवार असतात, महाराज.

---

सोलापूरची_चादर | ९ डिसेंबर, रात्री ८:००

अमेरिकावाल्यांचं झालं असेल तर आमचं बघा. इथे हेवी क्रीम कुठून आणू? टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम दोनदा फेटलं, ताकासारखं पातळच राहिलं. हात दुखले.

---

दादरची_दीपा | ९ डिसेंबर, रात्री ९:१०

चादर, ते फेटलं जाणारच नाही. साध्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, फेटायला निदान ३० तरी लागतो. 'व्हिपिंग क्रीम' लिहिलेलं घे. केकवाले वापरतात ते नॉन-डेअरी छान फुगतं, पण आधीच गोड असतं आणि वनस्पती तेलाचं. ते घेतलंस तर कंडेन्स्ड मिल्क निम्मं कर.

किंवा सरळ माईंसारखं विकतचं व्हॅनिला. डब्यावर 'आइस्क्रीम' लिहिलंय की 'फ्रोझन डेझर्ट' ते बघून घे. दुसऱ्यात दुधाऐवजी वनस्पती तेलाचा स्निग्धांश चालतो, तोंडात तुपकट थर राहतो आणि पेपरमिंटने तो जास्तच जाणवतो.

क्रस्टला मी बरबॉन बिस्किटं घेते. ओरिओपेक्षा मला तीच आवडतात. कॅन्डी केन डिसेंबरात मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला मिळतात. सोलापुरात नाही मिळाल्या तर पेपरमिंटच्या कुठल्याही कडक गोळ्या घे. पट्टे नसतील, चव तीच.

एक महत्त्वाचं. एका दाराच्या जुन्या फ्रिजचा फ्रीजर असेल तर पाय पातळ कर, आणि रात्री फ्रिज उघडू देऊ नकोस कुणाला. आमच्याकडे सासरे मध्यरात्री पाण्याच्या बाटलीसाठी उठतात.

---

सोलापूरची_चादर | ९ डिसेंबर, रात्री ९:२५

आमच्याकडे सासरे नाहीत, पण मध्यरात्री वीज जाते. पातळच करते. बरबॉनची कल्पना झकास!

---

अल्बनीचा_आबा | १० डिसेंबर, सकाळी ६:१५

गोळ्या कशा फोडाव्यात ह्यावर कुणी बोललं नाही म्हणून आमच्याकडची गंमत.

मी राहतो तिथून (न्यू यॉर्क राज्यातलं अल्बनी) अर्ध्या तासावर साराटोगा स्प्रिंग्स हे गाव. तिथे नाताळला पेपरमिंटचं डुक्कर मिळतं. कडक गोळीचं, गुलाबी, तळहातावर मावणारं. सोबत लाल मखमली पिशवी आणि छोटी धातूची हातोडी. नाताळच्या जेवणानंतर डुक्कर पिशवीत घालायचं, पिशवी टेबलाभोवती फिरवायची, प्रत्येकाने एकेक घाव घालायचा आणि येत्या वर्षाच्या भरभराटीसाठी तुकडे वाटून खायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली प्रथा, मधे बंद पडली होती, १९८८मध्ये तिथल्या एका मिठाईवाल्याने परत सुरू केली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दहीहंडीच आठवली.

मुद्दा असा की मिक्सर नको. कॅन्डी केन जाड पिशवीत घाला, वर फडकं टाका आणि लाटण्याने ठोका. मग चाळणीतून चाळा. चाळणीवरचे तुकडे आइस्क्रीममध्ये, खालचं पीठ वेगळं ठेवा. ते व्हिप्ड क्रीममध्ये वाढायच्या वेळी फेटलं की फिकट गुलाबी रंग येतो, वेगळी साखर लागत नाही.

---

खमंगराव | १० डिसेंबर, सकाळी ७:००

आधी पाय, आता डुक्कर. शाकाहारी, तुम्ही ठीक आहात ना?

---

टोकाचा_शाकाहारी | १० डिसेंबर, सकाळी ७:०४

घटक वाचले. साखरच आहे. चालेल.

---

म्हापशाची_मिनू | १० डिसेंबर, सकाळी ११:५०

वाचतेय सगळं मजेत. आमच्याकडे नाताळला शेजारच्या घरून ताट येतं: नेवऱ्या, दोदोल, कुळकुळं, नशीब असेल तर बेबिंक. त्यातलं आइस्क्रीम एकही नाही! पण बेबिंक करणाऱ्या बाईंकडून शिकलेली गोष्ट इथेही लागू आहे: वरचा थर घालायच्या आधी खालचा पूर्ण झाला पाहिजे. त्या सात थरांना अर्धा दिवस घालवतात. अनु, पायात मधे चॉकलेटचा थर घालणार असशील तर तो गोठल्याशिवाय आइस्क्रीम चढवू नकोस.

---

एडिसनची_अनु | १३ डिसेंबर, रात्री १०:३०

रंगीत तालीम केली! अख्खा पाय वाया नको म्हणून स्टीलच्या चार वाट्यांमध्ये चार प्रकार केले. नवऱ्याने वाट्यांवर चिकटपट्टी लावून नंबर घातले, प्रयोगशाळाच झाली.

निकाल: नवीन बाटली आणली, पेपरमिंटची. माईंच्या हिशेबाने पाव चमचा अगदी बरोबर. अर्ध्या चमच्याच्या हिशेबाची वाटी लेकीने हुंगून परत केली. पांढऱ्या चॉकलेटचा लेप दिलेले तुकडे तिसऱ्या दिवशीही कुरकुरीत, पण त्या गोडात अजून गोड. बिनलेपाचे डाळीएवढे तुकडे कडेने विरघळून गुलाबी रेघा आल्या, आणि खरं सांगू, तेच जास्त देखणं दिसलं. गारवाचं न घुसळलेलं मऊ सुंदर होतं, पण माईंचं भाकीत खरं. बोलता बोलता वाटीत तळं झालं.

नवीन संकट: क्रस्ट दगड झालाय. चमचा वाकला.

---

मिशिगनची_माई | १४ डिसेंबर, सकाळी ८:००

लोणी जास्त झालं किंवा वाटीच्या बुडाने फार जोर लावून ठोकलास. लोणी फ्रीजरमध्ये दगडच होतं. दोन चमचे कमी कर, आणि नुसतं बसेल इतकंच दाब, फरशी घालायची नाहीये. वाढायच्या आधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये. सुरी उकळत्या पाण्यात बुडवून, पुसून, मग काप. प्रत्येक तुकड्याला परत बुडवायची. पहिला तुकडा निघता निघत नसेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं डिशखाली अर्धा मिनिट धर.

मधला चॉकलेटचा थर घालणार असशील तर: एक कप चॉकलेट चिप्स, अर्धा कप क्रीम, दोन मोठे चमचे कॉर्न सिरप. सिरप वगळू नकोस, त्यानेच थर फ्रीजरमध्ये नरम राहतो. मिनू म्हणतेय तसं आधी गोठव.

---

अल्बनीचा_आबा | १४ डिसेंबर, सकाळी ८:२०

आणि नेणार कसा? गाडीने लांब असेल तर बर्फ नि खडेमीठ भरलेला कूलर. आपल्या पॉट आइस्क्रीमचीच युक्ती, मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो.

---

एडिसनची_अनु | १४ डिसेंबर, सकाळी ८:२५

आबा, दोन घरं पलीकडे जायचंय. बाहेर उणे पाच आहे. डिश हातात धरून हळू चालले तरी अजून गोठेल.

---

रुमालवाली | १९ डिसेंबर, रात्री ११:००

अनु, उद्या ना? कळव.

---

एडिसनची_अनु | २१ डिसेंबर, दुपारी १२:१५

झालं एकदाचं.

माईंचा पाय, विकतचं साधं व्हॅनिला, पेपरमिंट पाव चमचा, बिनलेपाचे तुकडे, मधे चॉकलेटचा थर. आबांचं गुलाबी क्रीम वरून. गारवाच्या सांगण्याप्रमाणे घरीच कापून नेला. तिथे त्यांच्या फ्रीजरमध्ये जागाच नव्हती, टर्की ठासलेली होती. म्हणून ताटली मागच्या अंगणात बर्फात ठेवली, वर पातेलं पालथं घातलं, खारी येतात म्हणून. नवऱ्याला पहाऱ्यावर उभा केला.

डबकं नाही, खडे नाहीत. क्रस्ट कापला जात होता. चॉकलेटचा थर मात्र सगळीकडे सारखा नव्हता, एका बाजूला दोन बोटं जाड आणि दुसरीकडे नावालाच. डिश फ्रीजरमध्ये तिरकी राहिली होती, कोळंबीच्या पाकिटावर टेकून.

आजींना आधी नेऊन दिला. त्यांनी खाल्ला, गप्प बसल्या थोडा वेळ आणि म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी खाली क्रस्ट-बिस्ट काही नसायचं. काचेच्या वाटीत गुलाबी गोळा, वर गरम चॉकलेट, झालं. मग दुसरा तुकडा घेतला, त्यातलं आइस्क्रीम खाल्लं आणि क्रस्ट ताटलीत तसाच ठेवला!

---

गारवा | २१ डिसेंबर, दुपारी १२:४०

म्हणजे पुढच्या वर्षी पायच नको, नुसतं आइस्क्रीम नि वर गरम चॉकलेट. आणि तेव्हा माझ्या पद्धतीने कर, टिकायचा प्रश्नच नाही.

---

मिशिगनची_माई | २१ डिसेंबर, दुपारी १२:५२

दुसरा तुकडा घेतला हे वाचलंस ना, गारवा?

---

खमंगराव | २१ डिसेंबर, दुपारी १:१०

चौदा दिवस मेहनत पायावर आणि आजींनी पायच ठेवला. डिश परत आली का? आत काय होतं?

---

एडिसनची_अनु | २१ डिसेंबर, दुपारी १:१५

ताटली कालच मी उचलून आणली, त्यामुळे आत काही नव्हतं. पण लोकांनी समोशांची चौकशी केलीच. तिघांनी.

---

सोलापूरची_चादर | २२ डिसेंबर, रात्री ९:००

मीही केला, बरबॉनचा. वीज गेली पावणेदोन तास. काठावर वितळला, मधे ठीक होता. मुलांनी कडेचं पिऊन टाकलं आणि मधलं कापून खाल्लं. फोटो नाही, संपला.

---

दुधावरची_साय | २३ डिसेंबर, सकाळी ७:२०

अनु, नातू म्हणतोय आजी आपणही करू. मी हो म्हटलंय, औषधाचं का असेना. ते पाव छोटा चमचा म्हणजे आपला फोडणीच्या डब्यातला चमचा का गं? तो माझा जरा मोठा आहे.